नवसाचा नारळ

मुलगी समुद्री जीवांचं शास्त्र शिकली, म्हणून दशाश्वमेध घाटावरचे ढुंढिराज गुरुजी तिच्या नोकरीसाठी समुद्रालाच नारळ बोलले. त्यानं जरा जास्तच मनावर घेतलं. नोकरी लागली ती थेट दूरच्या ज्वालामुखी बेटांवर, तिथल्या संरक्षित समुद्रातले मासे मोजायची.

"मालू, नारळ सोडलास का गं?" गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर विचारलं.

"बाबा, इथे पाण्यात काहीही टाकायला बंदी आहे."

"निदान हार?"

"नाही."

"माशांना आट्याच्या गोळ्या?"

"नोकरी जाईल माझी!" तिनं फोन पाण्याकडे वळवला. पार तळाशी निजलेलं कासवसुद्धा लख्ख दिसत होतं.

गुरुजींनी घाटावर गंगेच्या पायरीशी तरंगणारे झेंडू आणि प्लॅस्टिकच्या पन्न्या पायानं बाजूला सारल्या नि ते कळवळून म्हणाले,

"बिचारा समुद्र! एकाचीही श्रद्धा नाही गं त्याच्यावर."