घोड्याची तालीम

वादळाचे दिवस जवळ आले तशी बायकोने घोड्याचा ट्रेलर सज्ज केला. टायरमध्ये हवा भरली, पाण्याचे कॅन ठेवले, गवताचा भारा बांधला. शिवाय आठवडाभर रोज घोड्याला ट्रेलरमध्ये चढवायची तालीम! आधी ती जीपचं दार धाडकन आपटायची, मग घोडा चढला की त्याला गाजर. "अगं, दार निखळेल!" मी ओरडायचो, पण ऐकेल तर शपथ.

गाव रिकामं करायचा हुकूम आला, तेव्हा बाबा खुर्चीत ठाण मांडून बसले. "मी घर सोडणार नाही. माझ्या घोड्याला तेवढं न्या."

तिकडे घोडाही ट्रेलरच्या फळीपाशी अडून राहिला.

"बाबा, तुमच्याशिवाय तो चढत नाहीये हो," बायको रडवेल्या आवाजात म्हणाली. "नुसते पुढच्या सीटवर येऊन बसा ना."

बाबा कुरकुरत उठले, जीपमध्ये बसले आणि रागारागाने दार आपटलं.

घोडा निमूटपणे चढला.

"बघितलंत? माझ्यावाचून त्याचं पान हलत नाही!" आता बाबा कुठले उतरतायत!



बायकोने घोड्याला गाजर भरवलं, जीपच्या दाराकडे बोट दाखवलं आणि मला डोळा मारला.