ओरिजनल ट्यूब

माझ्या मोटरसायकलचं खोललेलं इंजिन जुळलं आणि पहिल्याच किकमध्ये सुरू झालं. पण सध्या तसं काही झालेलंच नाही, असं समजा; गोष्ट त्याच्या आधीपासून सांगतो.

इंजिन जुळवताना आतल्या पार्टला लावायची पेस्ट आमच्या आर्णी गावात डुप्लिकेटच मिळते, असा माझा दाट संशय. चुकीची लागली तर इंजिन जाम. म्हणून मी यवतमाळवरून वॉरंटीवाली ट्यूब आणली आणि कोणी बदलू नये म्हणून बाबांच्या औषधांच्या डब्यात लपवली. सकाळी तिथून काढली, ती थेट गॅरेजपर्यंत मुठीतच.

"नाव तं दाखव बे," मेकॅनिक धम्मरत्न म्हणाला.

"काहून? पाहून बदलशील. मी दाबतो, तू लाव."

घरी आलो, तर महिनाभर उभ्यानं जेवणारे बाबा खुर्चीत मांडी घालून बसलेले.

"मूळव्याधीची नवी ट्यूब लय भारी हाय रे! कुठं भेटली तुले?"

मी खिशातली ट्यूब काढून पहिल्यांदाच नाव वाचलं.



पेस्ट कंपनीस नम्र विनंती, की सदर वॉरंटी आमच्या बाबांनाही लागू करण्यात यावी.