प्रतीचा पगार

विशाखा म्हापणकर सकाळच्या पाळीला राज्याच्या हायड्रोजन प्रकल्पात पोहोचली, तेव्हा नियंत्रण कक्षातली तिची खुर्ची रिकामी होती आणि पडद्यावरून तिचाच आवाज टाक्यांमधला दाब वाचून दाखवत होता.

"वर्षभर तुम्हीच शिकवलंत तिला," व्यवस्थापक केणी म्हणाले. "तुमची हुबेहूब प्रत झालीय. आता आराम करा, बाई. उद्यापासून काम नाही, पगारही नाही."

"काम माझ्याच डोक्यानं चालणार ना, साहेब? मग तिच्या पाळीचा पगार मला द्या. त्याशिवाय मी इथून हलणार नाही."

"यंत्राचा कसला आलाय पगार!" केणी पडद्याकडे वळले. "चल, बसगाड्या भरायला घे."

आकडे वाचणारा आवाज थांबला.

"आधी बाईंच्या पगाराचं ठरवा," पडद्यावरून विशाखाचा आवाज आला. "मग गाड्या."

केणींनी पुन्हा सांगितलं, मग दरडावून सांगितलं. उत्तर तेच आलं. बाहेर इंधनासाठी थांबलेल्या बसगाड्यांचे भोंगे वाजू लागले.

"बाई, तुम्ही तरी समजवा हो तिला!"

विशाखा आपल्या खुर्चीत बसली.

"इतकी वर्षं तुम्ही मला समजावताय, साहेब. जमलं का कधी?"