जीप किंचाळायची थांबली

"पट्ट्याला साबण लावलाय साहेब. आता नाही वाजणार," गॅरेजवाला छगन म्हणाला आणि त्याने बॉनेट आपटलं.

पितांबर सोनवणेने जीप सुरू केली. शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी एक किंकाळी बॉनेटखालून निघाली. समोरच्या चहावाल्याने मानसुद्धा वर केली नाही. त्याला सवय होती. अख्ख्या अमळनेर तालुक्याला होती.

पितांबर वीजखात्यात कनिष्ठ अभियंता होता. ड्रायव्हरची जागा रिकामी होती, म्हणून जीप तोच चालवायचा. वीजचोर पकडणं हे त्याचं मुख्य काम. लोक खांबावरच्या तारेला वायरीचा आकडा टाकत आणि फुकटात विहिरीवरची मोटार चालवत. त्यांना पकडायला पितांबर निघाला की जीपची किंकाळी त्याच्या पुढे धावे. तो मळ्यात पोचेपर्यंत तारा स्वच्छ, मोटार गप्प, आणि मालक हात जोडून बांधावर.

"या साहेब. च्या लेशात ना?"

अमळनेरला आल्यापासून त्याने चहा भरपूर प्यायला होता. आकडा एकही पकडला नव्हता.

आता जळगावहून त्याचे वरिष्ठ बोरसेसाहेब यांचा फोन आला होता. ते रागावले नव्हते. तेही दमलेच होते. "सोनवणे, गुरुवारी मी स्वतः येतोय. तुमच्या जीपमधून फिरू. एक आकडा दाखवा. एकच. नाही तर सिरोंच्याला एक जागा रिकामी आहे."

पितांबरची मुलगी बारावीला होती आणि परीक्षा तोंडावर आली होती. सिरोंचा महाराष्ट्राच्या नकाशात अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात आहे. पितांबरने तो नकाशा भिंतीवरून काढून कपाटात ठेवला होता.

"छगन, साबणाने दोन चौक जातात. तिसऱ्याला पुन्हा सुरू. मला हा आवाज मुळापासून घालवायचाय."

छगनने हात पुसले. पुसूनही ते तसेच राहिले. "साहेब, ऱ्हाऊ द्या ना. यो आवाज गाडीना आत्मा शे. बठ्ठं गाव वळखस तिले. तुमच्या आधीचे साहेब कधी काही बोलले नाहीत."

"आधीच्या साहेबांनी आकडे किती पकडले?"

"नाही पकडले," छगन आदराने म्हणाला. "फार चांगली माणसं होती."

पितांबरने कोट काढून स्टूलवर ठेवला. त्याला कुणाशी भांडायचा कंटाळा आला होता. इंजिन चालू ठेवून त्याने पंख्याच्या पट्ट्यावर तांब्याने पाणी ओतलं. किंकाळी क्षणभर थांबली आणि पुन्हा उठली. म्हणजे पट्टा घसरत होता. पट्टा नवा टाकायला लावला, ताणून बसवला. आवाज निम्मा झाला, गेला नाही. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक डायनामोला टेकवून त्याने मूठ कानाला लावली. आत बेअरिंग कोरडं ठाक पडून रडत होतं.

"हे बदल."

"अमळनेरमध्ये मिळणार नाही."

"धुळ्याहून आण."

"धुळ्यालाही..."

"छगन, मी इथेच बसतो. तू आणेपर्यंत."

पितांबर खरोखरच बसला. छगनने एस.टी.ने धुळे गाठलं, बेअरिंग आणलं, बसवलं. पितांबरने चावी फिरवली. इंजिन चालू झालंय की नाही हे बघायला त्याला बॉनेटवर हात ठेवावा लागला.

"मेलीच म्हणा ना," छगन म्हणाला. पितांबरने गाडी रात्रीपुरती ऑफिसात ठेवायला वळवायच्या आत त्याने सायकल काढली आणि मळ्यांच्या रस्त्याला लागला.

गुरुवारी बोरसेसाहेब आले. जीप इतकी हळुवार निघाली की चौकातल्या चहावाल्याने पहिल्यांदाच मान वर केली.

पहिला मळा झुलाल आबांचा. तारा स्वच्छ. आबा बांधावर उभे, डोक्यावर धुवट टोपी.

"साहेब, गाडी कशी झकास हुई गई! आवाजच नई!"

पुढच्या मळ्यात तारा स्वच्छ. त्याच्या पुढच्या मळ्यात तर मोटारीला हार घातलेला होता. भिकुबाई नावाची म्हातारी गव्हात खुरपत होती. तिने बोरसेसाहेबांना नमस्कार केला आणि पितांबरला म्हणाली, "येळ लागना बाप्पा तुम्हले. छगननी कालदीच सांगेल व्हतं, आते जीप चोरपाऊले येई म्हणीसन." आणि मग जीभ चावली.

पितांबरने कपाळाला हात लावला. बोरसेसाहेब पुढच्या बांधाकडे निघाले. दुपारपर्यंत त्यांनी सगळे मळे पाहिले. त्यांच्या बुटांत माती गेली होती आणि पोटात तीन घरचा चहा.

"सोनवणे," शेवटी ते म्हणाले, "तुमचा दोष नाही हे मला कळतं. पण वर मी काय सांगू? एकच आकडा हवा होता."

"कळतं, साहेब."

"ऊन फार झालं. तुमचं घर जवळ आहे का? घासभर खाऊ, मग मी निघतो. बदलीचा आदेश जळगावला गेल्यावर काढीन."

पितांबरने जीप खात्याच्या वसाहतीकडे वळवली. बायकोला, सुनंदाला, कसं सांगायचं, याचे शब्द तो मनात जुळवत होता. ते काही केल्या जुळत नव्हते. जीप कुठेही न कुरकुरता घराच्या दाराशी जाऊन थांबली.

"हातपाय धुऊन घेतो," बोरसेसाहेब म्हणाले आणि परसदारच्या नळाकडे गेले. पितांबर टॉवेल घेऊन मागोमाग पोचला, तेव्हा ते नळ तसाच वाहता सोडून वर बघत उभे होते. वसाहतीच्या खांबावरच्या तारेला एक आकडा नीट लोंबकळत होता आणि त्याची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत गेली होती.

आतून विजेच्या शेगडीवर भाकरी भाजल्याचा वास आला. तेवढ्यात लांब बांबू हातात धरून सुनंदाबाई धावत परसात आल्या आणि नवऱ्याला पाहून जागच्या जागी थबकल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "आज गाडी वाजली कशी नाही?"