पाचवा दिवस

"काय फेकलंस? कुठं फेकलंस?" कस्टमचा साहेब चौथ्यांदा विचारत होता, आणि मिथुन ड्रायव्हर चौथ्यांदा तेच सांगत होता. कंटेनरमध्ये आंब्याच्या रसाचे डबे आहेत, दुसरं काही नाही.

न्हावा शेवा बंदराच्या गेटवर किरणं हुंगणारे दोन उंच खांब आहेत. कुणी अणुबॉम्बचं सामान लपवून नेऊ नये म्हणून उभे केलेले. मिथुनचा ट्रेलर त्यांच्यामधून गेला आणि भोंगा बोंबलला. साहेबाने गाडी मागे घेऊन पुन्हा पुढे आणायला लावली, तर खांब गप्प. म्हणजे मधल्या दोन मिनिटांत याने काहीतरी गायब केलं, असा साहेबाचा तर्क. मिथुनचा फोन काढून घेतला, पोलिसांना बोलावलं. कुठल्या देशासाठी काम करतोस, हेही विचारून झालं. मिथुनने आयुष्यात पनवेलच्या पुढचा देश पाहिला नव्हता.

गेटच्या खिडकीपाशी कागद घेऊन उभ्या असलेल्या जयमालाने वळून ट्रेलरकडे पाहिलं. त्या दोन मिनिटांत ट्रेलरमधून एकच गोष्ट उतरली होती. ती स्वतः.

ती माल पाठवणाऱ्या एजंटकडे कारकून. यार्डातून गेटपर्यंत मिथुनच्याच केबिनमध्ये बसून आली होती. तिच्या गळ्यात थायरॉइडची गाठ होती आणि सोमवारी डॉक्टरांनी तिला गाठ जाळणारी अणुऔषधाची गोळी दिली होती. अंगातून किरणं निघतील, पंधरा दिवस बाजूला राहा, वेगळं ताट, वेगळं अंथरूण, असं बजावून सांगितलं होतं. पण घरी सांगायची सोय कुठे होती? मुलीचा, मनस्वीचा साखरपुडा पुढच्या महिन्यात. आईला गाठ आहे म्हटलं की उद्या पोरीलाही होईल म्हणणारी सासरची माणसं ती. मग जयमालाने आपल्या सासूला सांगून टाकलं, कावळा शिवला. सुमित्राबाईंच्या घरात पाळीची शिवाशिव अजून कडक. ताट वेगळं झालं, अंथरूण वेगळं झालं, कुणी काही विचारलं नाही. फक्त डॉक्टरांचे दिवस पंधरा होते आणि सासूचे चार. आज शुक्रवार, पाचवा दिवस. डोक्यावरून पाणी घेतलेली सून कामाला निघाली नसती, तर काय कारण सांगितलं असतं?

आता गप्प राहिली असती तर वाचली असती. गेटवर निम्मी माणसं आसपासच्या गावांतली. इथे बोललेलं संध्याकाळच्या आत घरोघर पोचतं. मनस्वीच्या होणाऱ्या नवऱ्याचा काका तर समोरच हेल्मेट घालून उभा होता. पण मिथुनची मान धरून कुणीतरी त्याला खाली बसवलं आणि जयमालाचं डोकं फिरलं. अमेरिका आणि रशिया पाच-पाच हजार बॉम्ब उशाशी घेऊन झोपतात. चीन त्यांना गाठायला धावतोय. आणि चोर म्हणून यांना कोण सापडला, तर मिथुन!

"सोडा त्याला," ती पुढे येऊन म्हणाली. "तुमचा बॉम्ब माझ्या गळ्यात आहे."

साहेबाने हातातलं यंत्र तिच्या गळ्यापाशी नेलं. ते किंचाळलं. सगळे दहा पावलं मागे सरले, मिथुनसुद्धा. तिने मोबाइलवर डॉक्टरांच्या कार्डाचा फोटो दाखवला, मोठ्याने सगळं सांगितलं, काकालाही ऐकू जाईल असं. साहेब नरमला. म्हणाला, मॅडम, आधी बोलायचं ना, आम्ही फक्त बॉम्ब शोधतो.

"मग ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या दारात लावा की खांब. त्यांचा विटाळ बरा चालतो सगळ्यांना."

घरी आल्यावर ती उंबऱ्याबाहेरच थांबली. बातमी तिच्या आधी पोचली होती. सुमित्राबाई दारात उभ्या होत्या, हातात मनस्वीचा फोन, चेहरा संतापाने लाल. मागे मनस्वी डोळे पुसत होती. गेलं सगळं, जयमालाला वाटलं. तिने मान खाली घातली.

"माझ्याशी खोटं बोल्लीस, त्ये मागाहून बगू," सासू म्हणाली. "पोरीच्या सासरचा फोन आलता. ईचारत होते, साखरपुड्यात जयमालाला बाजूला बसवाल ना. मी बोल्ली, पंधरा दिस सरले की ती घरात येनार हाय. बाजूला तुमीच बसा. जलमभर."