कुंडलिकाची आगगाडी

"दारापासनं फाटकापतुर किती पावलं भरत्यात गं?" कुंडलिकानं जेवता जेवता विचारलं.

धोंडाबाईचा वाढता हात थांबला. "मला काय ठावं? उभा जन्म रेल्वेचं फाटक तुमी राखलं. तुमीच सांगा."

"माझी न्हाय. तुझी पावलं."

कुंडलिकानं भातातला खडा हळूच काढून ताटाच्या कडेला ठेवला. तिसरा. एरवी धोंडाबाईनं निवडलेल्या तांदळात खडा औषधालाही सापडायचा नाही.

"बल्बालाच मेल्या दम न्हाय हल्ली," ती पुटपुटली.

दोन महिन्यांमागं तिच्या डोकेदुखीपायी दोघं पुण्याला जाऊन आली होती. डॉक्टरनं तिला बाकावर बसवलं आणि तिच्या मालकाला तेवढं आत बोलावलं. बाईमाणसाचं दुखणं पुरुषाला सांगायचं, ही रीतच. बाहेर येऊन कुंडलिक म्हणाला, "काय न्हाय. गोळ्या दिल्यात." तेव्हापासून त्यानं तोंडाला कुलूप घातलं, अन् मागल्या खोलीलाही. आत तो खेळातली आगगाडी मांडत बसे. दिवसभर कानस चाले. टेपच्या जुन्या मोटारीवर गाडी खडखडत फिरे.

शेजारची रोहिणी खिदळली, "मामी, मामांना दुसरं बाळपन लागलं जनू!"

धोंडाबाईला हसू फुटलं नाही. थोरला दीर बिरदेवही पेन्शनीत निघाल्यावर असाच गप्प झाला होता. असाच पावलं मोजायचा. आठव्या महिन्यात शिरसुफळ स्टेशनाच्या अलीकडं रुळावर मेलेला सापडला. पुण्याला डॉक्टरनं आत ह्यांनाच तपासलं, ह्यांचंच काही वंगाळ निघालं असणार, असं तिच्या मनानं घेतलं.

एकादशीला रोहिणीचा दंड धरून ती रूळ ओलांडून मारुतीच्या कीर्तनाला गेली. बुवांनी अभंग असा आळवला, की दगडाला पाझर फुटावा. हिच्या छातीत मात्र गाडीच धडधडत होती. "देवा, त्यांचं पाऊल रुळाआधी धर," एवढंच तिनं मागितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोली उघडी दिसली. ती आत शिरली.

फळ्यांवर सारी वस्ती मांडली होती. त्यांचं घर, चिंच, विहीर, फाटक. आणि घराच्या दारातून निघालेला एक जाड, गाठी मारलेला दोरा. चिंचेवरून, विहिरीवरून तो थेट रुळावर गेला होता. तिथंच संपला होता.

"अवं, रुळावर जायाचा रस्ता मांडलाय व्हय तुमी?" तिनं हंबरडा फोडला. "माझ्या कपाळाचं काय?"

दारातून आत येत कुंडलिकानं तिचा हात धरला. बोट दोऱ्यावर टेकवलं. "डोळं मीट."

"का म्हनून?"

"मीट म्हनतो न्हवं. ही गाठ चिंचंची. ही हिरीची. हितं फाटक. थांबायचं, कान द्यायचा." त्यानं बटण दाबलं. गाडी खडखडत निघून गेली. "गेली. आता फुडं चल."

"फुडं काय हाय? रूळ!"

"तू चल तर."

तिचं बोट रुळावर चढलं, पलीकडं उतरलं. दोरा संपला नव्हता. आणखी एक गाठ लागली. मग दुसरी. आणि मग बोटाला मारुतीच्या देवळाची पायरी लागली, जी तिच्या उघड्या डोळ्यांना दिसलीच नव्हती.