उद्घाटनाआधी

आचलचं पोरगं डोळे उघडत नव्हतं. "यानं खाल्लं काय?" डॉक्टरीणबाई पुन्हा ओरडल्या. आचलला ऐकू येत नाही; तिच्या हातांच्या खुणा दवाखान्यात कुणालाच कळेनात. तिनं भिंतीवरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. त्यावरून नागपूरची दुभाषी मुलगी खुणा बोलून दाखवणार होती. "पडद्याले हात लावू नको!" दवाखान्यातला बाबू आडवा आला. "सोमवारी वर्ध्याहून साहेब येतीन, फीत कापतीन, मंग चालू." आचलनं फीत ओरबाडली, बटण दाबलं. पडद्यावर मुलगी दिसली, खुणा पाहून ओरडली, "आजीच्या बीपीच्या गोळ्या!" डॉक्टरीणबाई पोराला घेऊन आत धावल्या. अखेर पोराचं रडणं ऐकू आलं. मुलीनं ते आचलला खुणेनं सांगितलं. बाबू फीत गोळा करत फणफणला, "मुकीले काय समजते उद्घाटन?" मुलीनं तेही सांगितलं. आचलचे हात उठले. "त्या म्हणतात," मुलगी बाबूला म्हणाली, "तक्रारीत लिहायला तुमचं पूर्ण नाव सांगा."